जाणारी बाजू

आमच्या वस्तीवर नेट आलं ते माझ्या भावामुळं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, सविता भावाचं चांगलं काही सांगतच नाही. हनुमंता मेलबर्नला असतो. तिथं बसून त्यानं मोबाइलवर चार बटणं दाबली आणि इकडं जामखेडहून बजरंग केबलवाला वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून आईआबांच्या दारात हजर झाला. वस्तीवर मोबाइलला टॉवर धरत नाही. पोराशी बोलायचं तर आबांना माळावर चढून जावं लागायचं. ती कटकट मिटली. आबांनी खांबापासून घरापर्यंत वायर ओढायला स्वतः हात लावला आणि पुढं कित्येक दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, "शंभरचं नेट हाय. पोरानं बसवून दिलं."

शंभर म्हणजे नेमकं काय, ते आबांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण शंभर म्हणजे भरपूर, एवढं कुणालाही कळतं.

दर रविवारी सकाळी हनुमंताचा व्हिडिओ कॉल यायचा. आई डोक्यावर पदर घेऊन, मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून समोर बसायची. हनुमंता इतका लख्ख दिसायचा की दाढी करताना कुठं कापलंय तेसुद्धा तिला कळायचं. अश्विनीच्या, म्हणजे सुनेच्या कानातलं नवं आहे, हे ती लगेच ओळखायची. मग तिचं सुरू व्हायचं. गाय आटली, आसारामतात्याचा गुडघा धरलाय, तुरीला शेंगा बऱ्या लागल्यात, तुझा बाप गोळ्या घेत नाही. हनुमंता हसत मान हलवायचा. "हो, हो."

"तिकडं थंडी हाय का रं?"

"हो, हो."

"जेवला का?"

"हो, हो."

मी जामखेडला असते, घरीच ब्लाउज शिवते. त्या रविवारी माहेरी आले होते म्हणून शेजारी बसून हे सगळं बघत होते. आईनं विचारलं, "गावाकडं कंदी येनार?" त्यावरही तो हसून म्हणाला, "हो, हो." आईला त्यात काही खटकलं नाही. कॉल संपल्यावर ती आबांना म्हणाली, "येतो म्हनतोय."

मला मात्र खटकलं. घरी परतल्यावर मी त्याला फोन लावून विचारलं, तर तो मोकळेपणानं हसला. "अगं ताई, आई नुसती अडकलेली असते. चित्र हलतच नाही. पाच वाक्यांतलं एखादं कानावर येतं. मी आपला हो हो म्हणतो. तिला तेवढंच बरं वाटतं."

मी बजरंगला गाठलं. म्हटलं, शंभरचं नेट आणि अडकतं कसं?

"वैनी, शंभर ती येनारी बाजू," बजरंग म्हणाला. "जानारी बाजू एकचीबी धड न्हाई. तुमच्या भावानं समद्यात हलका प्लॅन घेतलाय. येताना चार इंची पाइप, जाताना ठिबकची नळी. लोकं बघायसाठीच घेत्यात. कुनाला काय पाठवायचं नसतंय."

थोडे पैसे जास्त टाकले की दोन्ही बाजू सारख्या होतात, असंही तो म्हणाला. हे मी हनुमंताला कळवलं. कंप्यूटरवर पोट भरणारा माणूस तो, त्याला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्याचं उत्तर मला अजून पाठ आहे. "ताई, त्यांना कुठं काय अपलोड करायचंय? बघायचंच तर असतं त्यांना."

मला राग आला. मी म्हटलं, पैसे मी भरते. पण कनेक्शन त्याच्या नावावर, त्याच्या नंबरवर. प्लॅन बदलायचा तर ओटीपी मेलबर्नला जाणार. "बघतो," म्हणाला. ते बघणं काही झालं नाही. आई डाळीच्या डब्यासमोर बसून बोलत राहिली आणि तिकडं तिचं थिजलेलं तोंड बघून तो मान हलवत राहिला. आईला हे मी सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

हनुमंताला शिकवायचं म्हणून आईआबा वर्षानुवर्षं ऊसतोडीला गेले. दिवाळी झाली की कोयता, भांडी, अंथरूण घेऊन श्रीगोंद्याच्या बाजूला कारखान्यावर. हनुमंता हुशार, म्हणून त्याला वसतिगृहात ठेवलं. मी मुलगी, म्हणून मला बरोबर नेलं. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, पाणी भरायला आणि भाकरी करायला कुणीतरी हवं ना. माझी शाळा तिथंच संपली. त्याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. आबांचं नाव सहादेव; सहादेवा गेला म्हटल्यावर वस्तीवरची सगळी माणसं जमली, फक्त मुलगा नव्हता. हनुमंताचे व्हिसाचे कागद कुठंतरी अडकले होते. आत्ता देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, असं तो म्हणाला. खरं असेलही, मी काही खातरजमा करायला गेले नाही. अग्नी माझ्या धाकट्या चुलत्याच्या, आसारामतात्यांच्या मुलानं, अजिनाथनं दिला. डोईचं मुंडणसुद्धा त्यानंच करून घेतलं. हनुमंता फोनवर ढसाढसा रडला आणि म्हणाला, "दहाव्याला मला व्हिडिओवर घ्या. मला तिथं असायचंय."

नदी कोरडी होती, म्हणून दशक्रिया घरामागच्या विहिरीवरच करायचं ठरलं. बजरंगनं नेटचा डबा मागच्या खिडकीत आणून ठेवला, आवाज सगळ्यांना ऐकू जावा म्हणून एक स्पीकर जोडला. मोबाइल धरायचं काम माझ्याकडं आलं. हनुमंता पांढरा सदरा घालून बसला होता. पाठीमागं खिडकीत ऊन होतं. इतका स्वच्छ दिसत होता की बायका म्हणाल्या, जणू हितंच बसलाय.

गुरुजींचं आटोपलं, पिंड ठेवला आणि सगळे बाजूला झाले. कावळे होते. बाभळीवर बसले होते, काव काव करत होते, पण खाली एक उतरेना.

ज्यानं हे कधी बघितलं नसेल त्याला ती वेळ सांगून कळायची नाही. पाचपन्नास माणसं श्वास धरून उभी असतात. कावळा शिवला नाही म्हणजे जाणाऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग कशात, ते ओळखायचं आणि तसा शब्द द्यायचा. तात्यांनी तंबाखूची पुडी ठेवली. कुणी चहाचा कप ठेवला. अजिनाथ आबांना नाना म्हणायचा; तो म्हणाला, "नाना, तुमची गाय मी संबाळीन." कावळे ढिम्म हलेनात.

माझ्यानं राहवेना. मी पुढं होऊन म्हणाले, "आबा, आईची काळजी करू नका. मी तिला माझ्याकडं नेते."

पाठीमागून कुणीतरी बोललं, "लेकीच्या शब्दाला कावळा उतरत नसतोय." त्यात माझा अपमान आहे असं तिथं कुणालाच वाटलं नाही, आईलाही नाही. लेकीच्या घरी राहायचं नाही, हे तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. जावयाच्या दारात म्हातारपण काढणं तिला कमीपणाचं वाटत होतं.

मग आसारामतात्या माझ्याजवळ आले. "मोबाइल पिंडापुढं धर," म्हणाले. आणि मोबाइलकडं बघून मोठ्यांदा बोलले, "हनुमंता, तुझ्या बापाचा जीव तुझ्या आईपाशी घुटमळतोय. आईला तुझ्याकडं घिऊन जाशील का? व्हय म्हन."

हनुमंतानं मान हलवली. "हो, हो."

"समद्यास्नी ऐकू जाऊ दे. आईला तिकडं घिऊन जानार का न्हाई?"

स्पीकरमधून आवाज खणखणीत आला. "हो, हो तात्या. हो."

आणि कावळा उतरला. पिंडाला चोच लागली. माणसांनी सुटकेचा श्वास सोडला, आई पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली, आणि तात्या आभाळाकडं बघून हात जोडून उभे राहिले. मी हातातल्या मोबाइलकडं बघत होते. त्याचे डोळे कावळ्याकडं नव्हते, आईकडं नव्हते. तो तसाच मान हलवत होता. ते हो, हो मला ओळखीचं होतं.

पाहुण्यांची पंगत बसली तेव्हा मी तात्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "त्याला ऐकूच आलं नसंल, तात्या." तात्या माझ्यावरच भडकले. "कावळ्यानं ऐकलं की! तुला काय मधी काडी घालायचीय?"

आई दुसऱ्या दिवसापासून निघायच्या तयारीला लागली. तिचा विश्वास मला बघवत नव्हता. गाय अजिनाथच्या गोठ्यात गेली, कोंबड्या तात्यांच्या दारात. बायका शेंगदाण्याची चटणी, कुरडया, हातशेवया आणून देऊ लागल्या. हनुमंताला ने, त्याला आवडतं. घराचा एक कोपरा त्या पिशव्यांनी भरून गेला. माझ्याकडं कापड देऊन आई म्हणाली, "बाह्या मनगटापतोर कर. तिकडं गारठा असतोय." मी माप घेतलं. शेवटी म्हटलं, आई, जरा थांब, त्याला नीट विचारू दे. ती माझ्याकडं रागानं बघून म्हणाली, "बापाच्या पिंडापुढं दिलेला शबुद हाय त्यो. तुला काय वाटतं, त्यो खोटं बोलंल?"

त्याच दुपारी मी जामखेडला घरी आले आणि त्याला कॉल लावला. माझ्याकडचं नेट दोन्ही बाजूंनी सारखं आहे, मुलीच्या क्लाससाठी घेतलेलं. माझा शब्दन्‌शब्द त्याला ऐकू जात होता.

"तू आईला न्यायचं कबूल केलंस," मी म्हटलं.

"कधी?"

"कावळा शिवायच्या आधी. तात्यांनी दोनदा विचारलं. तू दोनदा हो म्हणालास."

तो आठवू लागला. मग म्हणाला, "ताई, शपथ घेऊन सांगतो, मला विहिरीवर उभ्या तात्यांचं एक चित्र दिसत होतं नुसतं. आवाज अजिबात नव्हता. मला वाटलं, गुरुजींचं काहीतरी म्हणायचं असेल."

"मग हो कशाला म्हणालास?"

"काय म्हणणार होतो? सगळे तिथं खोळंबलेले. ऐकू येत नाही म्हणून ओरडत बसू?"

मला ते पटलं, हे सांगायला हवं. त्यानं फसवलं नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, आता तुला ऐकू आलंय. नेतोस का तिला?

मग सुरू झालं. दोन खोल्यांचं घर आहे. अश्विनीची नोकरी. व्हिसाचं सोपं नाही. आई दिवसभर चार भिंतींत एकटी काय करणार? तिला इथली भाषा येत नाही.

"इथंतरी ती आता कुणाशी बोलणार आहे?" मी विचारलं.

त्यावर तो चिडला. "ताई, ते मला वसतिगृहात टाकून अर्धं वर्ष जायचे. मी रडायचो तेव्हा कोण होतं? मी कुणाला जाब विचारला का?"

"मी कोपीवर होते, हनुमंता," मी म्हटलं. "तू पुस्तकं वाचत होतास तेव्हा मी पाचट गोळा करत होते. मलाही जाब विचारायचाय. पण तो आईला विचारून काय करू?"

तो नाक ओढत राहिला. खरंच रडत होता. मला त्याची दया आली नाही असं नाही, पण राग जास्त होता. मी म्हटलं, "न्यायचं नसेल तर नको नेऊस. पण ते तिला तू सांगायचंस. तुझ्या तोंडानं. मी सांगणार नाही, आणि ती कुरडयांच्या पिशव्या भरत बसलेली मला बघवत नाही."

"तिला कसं सांगू? ती अडकते. माझं तिला कळेल, तिचं मला कळणार नाही. असं नाही सांगता येत."

"मग ओटीपी दे."

आता त्याला नाही म्हणता येईना. प्लॅन बदलला. बजरंगनं येऊन डबाही नवा बसवला, दोन्ही बाजू मोजून दाखवल्या. जाणारी बाजू येणाऱ्या बाजूइतकीच रुंद झाली होती. मी त्याला विचारून विचारून खात्री करून घेतली. "वैनी, आता तुमी हितनं शिंकला तरी तिकडं ऐकू जाईल," तो म्हणाला.

रविवारी मी मुद्दाम वस्तीवर गेले. आईला काही बोलले नाही. तिनं नवा ब्लाउज घातला होता, मनगटापर्यंत बाह्यांचा. कॉल लागला, हनुमंतानं समोर बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"आई..." तो म्हणाला. "किती वाळलीस तू. केस सगळे पांढरे झाले."

तो तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघत होता. बघतच राहिला. इतक्या दिवसांत त्याला ते धड दिसलंच नव्हतं.

"दिसते का रं मी?" आई हरखली. "समदं दिसतं?"

"सगळं दिसतं."

"आवाज येतो?"

"येतो, आई. तू शेजारी बसल्यासारखा येतो."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर असं हसू आबा गेल्यापासून मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता सांगेल. ती रडेल, ओरडेल, चार दिवस जेवणार नाही, पण एकदाचं खरं काय ते तिच्या पदरात पडेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तयारच बसले होते.

आई पुढं सरकली. गळा साफ केला आणि साधं विचारलं, "मग बाळा, मला कंदी नेतूस?"

हनुमंताचं तोंड किंचित उघडलं. आणि तसंच राहिलं.

पापणी हलेना. मान एका बाजूला कललेली, ओठ उघडे, हात हनुवटीजवळ. आईनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. "हनुमंता! ऐकू येतंय का? कंदी येऊ मी?" तो दगडासारखा बसून होता. ती माझ्याकडं वळली. "अडाकला जनू गं."

मीही क्षणभर बजरंगला शिव्या घातल्या. मग बघितलं तर त्याच्या पाठीमागं खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता.

आईनंही बघितलं. तेवढ्यात मागच्या दारातून अश्विनी आली, हातात धुतलेल्या कपड्यांची बादली. त्याच्याजवळ थांबली. तिचा आवाज आमच्याकडं लख्ख आला. "काय रे, असा काय बसलायस?"

हनुमंता हलला नाही. डोळे तेवढे भरून आले आणि एक थेंब गालावरून खाली ओघळला. तरीही तो तसाच बसून राहिला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मोबाइलवर झडप घातली. "हनुमंता, नाटकं बंद कर! तुला ऐकू..."

आईनं माझा हात धरला. कोयता धरून धरून राठ झालेला तिचा हात, त्यात अजून जोर आहे. ती त्याच्याकडं बघतच होती. आवाज अगदी खाली आणून, त्याच्याशीच बोलावं तशी बोलली, "राहू दे, बाळा. हितलं नेटच वाईट हाय. तू काय करशील?"

"आई, नेट चांगलं आहे," मी म्हटलं. "सगळं ऐकू जातंय त्याला."

"बंद कर म्हनते ना."

मी कॉल कापला. आई बराच वेळ डाळीच्या डब्याकडं बघत बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग उठून तिनं चूल पेटवली आणि माझ्यासाठी चहा टाकला.

चहा उकळत होता तेव्हा आसारामतात्या काठी टेकत दारात आले. पोराचा फोन असतो रविवारी, हे त्यांना माहीत. तिकिटाचं काय झालं ते विचारायला आले होते.

"काय म्हनला हनुमंता, वैनी?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "त्यो व्हयच म्हनतोय, भावजी. लई मागं लागलाय. मीच न्हाई म्हनलं. माज्याच्यानं न्हाई व्हायचं तिकडं."

तात्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते उंबऱ्यातच थांबले आणि बाहेर चारजणांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला बोलू लागले. पोरगं एवढं जीव टाकतंय, बापाच्या पिंडापुढं शब्द दिला त्यानं, आणि तुम्ही हट्ट धरून बसलात, असा पोटचा गोळा कुणाच्या नशिबात असतो का. आई खाली मान घालून कपात चहा गाळत ऐकत राहिली. मधूनमधून मान हलवत म्हणत होती, "व्हय, व्हय."